अनेक गुरूंचा शिष्य : धुंडिराज गोविंद फाळके

आपल्या चरित्रपरंपरेत गुरू हा बहुधा एकवचनी असतो. शिष्य भटकतो, तळमळतो, आणि एका निर्णायक क्षणी त्याला गुरू भेटतो. पुढचे सारे आयुष्य त्या भेटीचा विस्तार ठरते. या साच्याचे मराठीतले सर्वांत प्रभावी रूप नाशिकजवळच्या त्र्यंबक क्षेत्राशी निगडित आहे. ब्रह्मगिरीच्या गुहेत निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले, निवृत्तिनाथांनी तो ठेवा ज्ञानदेवांच्या हाती दिला, आणि मराठी वाङ्मयाच्या एका महान प्रवाहाचा उगम झाला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकलाच आहे आणि पौष वद्य एकादशीला तेथे वारकऱ्यांची यात्रा भरते. एक गुरू, एक उपदेश, एक परंपरा हे चित्र इतके देखणे आहे, की गायकाचे घराणे सांगताना, मल्लाची तालीम सांगताना किंवा लेखकावरचे संस्कार सांगताना आपण नकळत तेच गिरवतो.

परंतु आपल्याच वाङ्मयात गुरुत्वाची दुसरी एक कल्पनाही आहे. भागवताच्या एकादश स्कंधातील यदु-अवधूत संवाद एकनाथांनी मराठीत विस्ताराने मांडला. त्यातला अवधूत आपले चोवीस गुरू मोजून दाखवतो. पृथ्वी आणि वायू, अजगर आणि मधमाशी, पिंगला ही वेश्या, हातातली कांकणे वाजू नयेत म्हणून ती उतरवणारी कुमारी, आणि राजाची मिरवणूक शेजारून गेली तरी मान वर न करणारा बाण घडवणारा कारागीर. यांपैकी एकानेही अवधूताला शिष्य म्हणून स्वीकारलेले नाही. कित्येकांना आपण काही शिकवत आहोत याची जाणीवही नाही. गुरुत्व येथे शिकवणाऱ्याच्या अधिकारातून येत नाही, शिकणाऱ्याच्या दृष्टीतून येते. कोणाकडून काय घ्यावे, आणि कोणाकडे पाहून काय टाकावे, हे शिष्यानेच ठरवायचे.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकला जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे आयुष्य या दुसऱ्या कल्पनेच्या उजेडात वाचावे, असे आम्हांला वाटते. दादासाहेब फाळके हे नाव आज एका राष्ट्रीय पुरस्काराला जोडलेले आहे, आणि 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' या बिरुदाखाली त्यांचे चरित्र गोठून गेले आहे. त्या चरित्राचा लोकप्रिय सारांश असा : १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, आणि त्यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. ही हकीकत काल्पनिक नाही. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखमालेत ती स्वतः फाळक्यांनीच सांगितली आहे. मात्र ती वारंवार सांगितली गेल्याने तिला साक्षात्काराचे रूप आले आहे. अंधारात दिव्य दर्शन झाले आणि माणूस बदलला, हा पुन्हा तोच एकवचनी साचा. फक्त गुरूच्या जागी यंत्र आले.

साक्षात्काराच्या या कथेत एक गोष्ट झाकली जाते. फाळके त्या तंबूत शिरले तेव्हा ते चाळिशीला पोचले होते, आणि त्यांच्या शिष्यत्वाला पंचवीस वर्षे झाली होती. त्या संध्याकाळी तंबूत शेकडो माणसे असतील. पडद्यावरची हलती चित्रे सर्वांनीच पाहिली. पण त्या चित्रांमागचे रसायन, भिंग, रंगवलेला पडदा, हातचलाखी आणि कथनपरंपरा हे सारे वेगवेगळे ओळखू शकणारा डोळा बहुधा एकच होता. तो डोळा कोणी कोणी घडवला, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

पहिला गुरू घरातच होता. वडील गोविंद सदाशिव तथा दाजीशास्त्री फाळके हे संस्कृतचे विद्वान. मुलाने पौरोहित्याची आणि शास्त्राध्ययनाची वाट धरावी, अशी त्या घराची रीत. पुराणकथांचा जो साठा पुढे 'राजा हरिश्चंद्र'पासून 'गंगावतरण'पर्यंत उपयोगी पडला, तो येथला. परंतु दाजीशास्त्र्यांच्या आयुष्यातील एका घटनेकडे आम्हांला विशेष लक्ष वेधायचे आहे. त्र्यंबकच्या या शास्त्र्याने मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी पत्करली. विल्सन कॉलेज ही स्कॉटिश मिशनऱ्यांची संस्था. ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्रातून निघालेला वैदिक विद्वान ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या विद्यालयात, भिन्न धर्मांच्या आणि जातींच्या विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवतो, ही एकोणिसाव्या शतकातील मुंबईची किमया होती. विद्या आपल्या आवाराबाहेर नेली तरी विटाळत नाही, हा पाठ मुलाला शब्दांत कोणी दिला असेल-नसेल. वडिलांच्या रोजच्या जाण्यायेण्यातून तो त्याच्यापुढे होताच.

या स्थलांतराचा दुसरा लाभ म्हणजे जे. जे. कलाशाळा. १८८५ मध्ये, पंधराव्या वर्षी, धुंडिराज तेथे दाखल झाले. शास्त्र्याच्या मुलाने चित्रकलेच्या शाळेत जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. हाताने करायची कामे आणि मुखाने म्हणायच्या विद्या यांच्यामध्ये आपल्या समाजाने एक जाड भिंत घातली होती. ती भिंत या मुलाने लहान वयातच ओलांडली, आणि पुढे आयुष्यभर तो हाताने काम करणाऱ्यांमध्येच रमला.

तेथून बडोदे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन स्थापन झाले, आणि त्याची सूत्रे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे आली. गज्जर सुरतेचे, सुतारकामाच्या आणि शिल्पाच्या परंपरेतल्या समाजातले, आणि विद्येने रसायनशास्त्रज्ञ. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर कोणी डांबर फासले, तेव्हा ते डाग काढून दाखवणारे म्हणून त्यांचे नाव गाजले. पुढे त्यांच्या शिष्यवर्गातून अलेंबिकसारखा रसायन-उद्योग उभा राहिला. कारागिरी आणि विज्ञान या दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी नाहीत, आणि तंत्रशिक्षण देशी भाषांतून दिले पाहिजे, ही गज्जरांची धारणा होती. कलाभवनात फाळके तैलचित्र, मृत्तिकाशिल्प आणि वास्तुकला शिकले. पण त्यांना मिळालेली मोठी देणगी अभ्यासक्रमाबाहेरची होती. विद्यार्थ्याचा छायाचित्रणाकडचा ओढा पाहून गज्जरांनी संस्थेचे छायाचित्रण-साहित्य आणि ग्रंथालय त्याला मोकळे करून दिले.

हे 'मोकळे करून देणे' किरकोळ समजू नये. विद्या लपवण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. वैद्य आपला पाठ मुलाखेरीज कोणाला सांगत नसे, गवई बंदिशीचा अंतरा राखून ठेवत असे, रंगारी आपल्या रंगाचे प्रमाण कागदावर उतरवत नसे. यात केवळ कोतेपणा नव्हता. गुपित हीच ज्यांची मालमत्ता, त्यांना ते जपावेच लागते. परंतु त्यामुळे आवाराबाहेरच्या माणसाला विद्येचे दार बंद राहते. गज्जरांनी ते उघडले. एवढेच नव्हे, तर आपल्याला जे येत नाही ते शिकण्यासाठी शिष्याला दुसऱ्याकडे धाडले. तिरंगी ठसे कोरण्याची आणि छायाशिलामुद्रणाची विद्या शिकण्यासाठी फाळके रतलामला एका कारागिराकडे राहून आले. प्राचार्याने आपला विद्यार्थी कारागिराच्या हाताखाली बसवावा, ही शिक्षणाच्या इतिहासातली लहानशी पण मोलाची घटना आहे. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचे मोजमाप राखणे, काचेवरची आकृती धातूवर उतरवणे, आणि एक चूक झाली की सारे काम पहिल्यापासून करणे ही शिस्त रतलामची. फिल्म धुण्याच्या कामात पुढे तीच उपयोगी पडली.

मध्यंतरी आयुष्याने दुसऱ्या प्रकारचे पाठ दिले. गोध्र्याला फाळक्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले. ते बडोद्याला परतले, तर छायाचित्र काढल्याने माणसाचे आयुष्य घटते या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. या पडत्या काळात, १९०१ च्या सुमारास, दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन जादूगाराची गाठ पडली आणि एकतीस वर्षांचा हा कलाभवनाचा विद्यार्थी जादूचे प्रयोग शिकू लागला. पुढे 'फाळके' हे नाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने त्यांनी स्वतः जादूचे खेळ केले. चरित्रकार ही हकीकत गमतीने सांगतात आणि पुढे जातात. आम्हांला ती मध्यवर्ती वाटते. एका शास्त्र्याच्या मुलाने फिरत्या परदेशी खेळियाला गुरू मानणे म्हणजे प्रतिष्ठेच्या शिडीवरून बऱ्याच पायऱ्या खाली उतरणे होते. पण चित्रकलेच्या कोणत्याही शाळेत न मिळणारे ज्ञान तेथे मिळाले. प्रेक्षकाची नजर कोठे वळवावी, किती क्षण रोखावी, आणि त्या अवधीत दुसरीकडे काय घडवून आणावे, हे ज्ञान. 'लंकादहन'मधला उडणारा मारुती आणि 'कालियामर्दन'मधला डोहातला कृष्ण हे पुराणातून आलेले असले, तरी ते पडद्यावर शक्य झाले यामागे जादूगाराकडचे हे धडे आहेत. फ्रान्समध्ये याच सुमारास जॉर्ज मेलिएस हा आणखी एक व्यावसायिक जादूगार चित्रपटात अशीच किमया करत होता. चित्रपटकलेच्या बालपणी जादूगार तिच्या पाळण्याशी उभा होता, ही गोष्ट भारताप्रमाणे युरोपातही खरी आहे.

त्यानंतरची काही वर्षे थोडक्यात सांगता येतील. पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून नोकरी. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात तिचा राजीनामा. लोणावळ्याला ठसे कोरण्याचा आणि छपाईचा कारखाना. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांनी स्थापन केलेला चित्रमुद्रणालय होता. तो विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. या मुद्रणालयासाठी फाळक्यांनी काम केले. किळिमानूरच्या एका मल्याळी चित्रकाराने युरोपीय तैलरंगांच्या पद्धतीने देवदेवतांना मानवी शरीर, दागदागिने आणि मुद्रा दिल्या. जर्मन यंत्रांनी त्या घराघरांत पोचवल्या. आणि त्या छापील देवांना चालते-बोलते करण्याचे काम पुढे त्र्यंबकच्या मुलाने केले. ज्याला आपण अस्सल भारतीय दृश्यपरंपरा म्हणतो ती किती हातांतून गेलेली असते, याचे हे उदाहरण वर्गात आवर्जून सांगण्याजोगे आहे. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके स्वतः जर्मनीला जाऊन आले. लौकरच भागीदारांशी बिनसले आणि त्यांनी तो व्यवसाय सोडला. ख्रिस्तपट पाहिला तेव्हा ते अशा रिकाम्या हातांनी बसलेले होते. हात मोकळे होते, पण ते शिकलेले हात होते.

तरीही चित्रपट कसा काढतात हे त्यांना येत नव्हते. मिळतील ते चित्रपट पाहून, मिळतील ती पुस्तके वाचून, डोळे बिघडेपर्यंत अभ्यास करून ते एका मर्यादेपर्यंत पोचले, आणि तेथे थांबले. पुढचे ज्ञान लंडनमध्ये होते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून, १९१२ च्या फेब्रुवारीत, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर ते बोटीने निघाले. ओळख कोणाशीच नव्हती. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी पाहून ते आत शिरले. संपादक कॅबॉर्न यांनी प्रथम त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. या धंद्यात विलायतेतही अनेकजण बुडाले, भारताचे हवामान तर याला मानवणारच नाही, असे त्यांचे म्हणणे. पण समोरचा माणूस हौशी नाही, त्याने अंधाऱ्या खोलीत वर्षे काढली आहेत, हे बोलण्यातून लक्षात येताच त्याच संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले.

हेपवर्थ हे त्या काळचे अग्रगण्य इंग्रज निर्माते. त्यांचे वडील जादूच्या कंदिलाची व्याख्याने देत असत, म्हणजे पडद्यावरच्या चित्रांचा वारसा त्यांच्याही घरात होता. वॉल्टन येथील आपल्या स्टुडिओचे सर्व विभाग त्यांनी या पाहुण्याला दाखवले आणि कामे कशी चालतात ते समजावले. १९१२ चे साल लक्षात घ्या. राज्यकर्त्या देशातला एक उत्पादक, जित देशातून आलेल्या, शिफारसपत्र नसलेल्या माणसाला आपल्या कारखान्याचे अंतरंग उघडे करून दाखवतो. ही साम्राज्याची उदारता नव्हे. साम्राज्याने तसे काही केले नाही. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला ओळखल्याची ही खूण आहे. फाळके स्वदेशीचे अभिमानी होते. सरकारी नोकरी सोडून आलेले होते. तरी इंग्रजाकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. स्वदेशी म्हणजे परक्याकडून न शिकणे असा अर्थ त्यांनी केला नाही. शिकून इथे उभे करणे, असा केला. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा खरेदी करून आणि कच्ची फिल्म व छिद्रण-यंत्र यांची व्यवस्था करून ते १ एप्रिल १९१२ रोजी परतले.

येथून पुढे शिष्याचा गुरू होतो, आणि आमच्या मते चरित्राचा कस येथेच लागतो. अनेकांकडून घेतलेले ज्ञान त्याने पुढे कोणाला दिले? फाळक्यांनी त्र्यंबकहून आपले बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना बोलावून घेतले आणि त्यांना कॅमेरा चालवायला शिकवले. 'राजा हरिश्चंद्र'चे छायाचित्रण तेलंगांचे आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके यांना उभे केले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर' या नाशिकला घडलेल्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी भूमिका केल्या, आणि स्त्रिया पडद्यावर आल्या. गोदाकाठच्या या क्षेत्रात तेव्हा सुतार, रंगारी, नट, स्वयंपाकी आणि तंत्रज्ञ एका आवारात राहून एक नवी विद्या शिकत होते.

या आवारातील एक नाव गुरूंच्या यादीत घालावे की शिष्यांच्या, असा प्रश्न आम्हांला पडतो. १९०२ मध्ये फाळक्यांशी विवाह झालेल्या सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्याचे, रसायने कालवण्याचे, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवण्याचे काम शिकल्या, आणि ते करत असतानाच साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांनी सांभाळला. नवऱ्याने तंत्र शिकवले, म्हणून त्या शिष्या. परंतु अनिश्चित उत्पन्नात एवढा पसारा चालवण्याची विद्या फाळक्यांना त्यांनीच दिली असणार. दागिने मोडून पतीला आधार देणारी पत्नी एवढीच भूमिका चरित्रे त्यांना देतात. ती अपुरी आहे. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांची गणना व्हायला हवी.

जादूगार आपले कसब लपवतो. केळफा मात्र ते उघड करू लागला. १९१७ च्या सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपट काढला. त्याचा अवशिष्ट भाग पाहिला, की दिग्दर्शन करणारे आणि फिल्म तपासणारे फाळके स्वतःच पडद्यावर दिसतात. 'नवयुग'मधील लेखमालाही याच वृत्तीची. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी ती पुन्हा वाचावी. आत्मकथन, तंत्रविवेचन, धंद्याचा हिशेब आणि वाचकाला केलेले आवाहन हे सारे तीत एकत्र आले आहे. ज्या कलेला मराठीत अजून पुरेशी परिभाषाही नव्हती, तिच्याविषयी एक कर्ता कलावंत आपल्या भाषेत आणि सामान्य वाचकासाठी लिहितो. गज्जरांनी ग्रंथालय उघडले, हेपवर्थने कारखाना उघडला. ते ऋण फाळक्यांनी या लघुपटाने आणि या लेखांनी फेडले, असे म्हणता येईल.

इथवर चित्र उजळ आहे. तथापि शिष्यत्वाच्या या कथेला दोन मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे हा वाचकाशी अप्रामाणिकपणा ठरेल.

पहिली मर्यादा स्वभावाची. परक्यापुढे, अनोळखी माणसापुढे, आपल्याहून जाणत्यापुढे फाळके सहज शिष्य होत. बरोबरीच्या माणसापुढे त्यांना ते जमले नाही. लोणावळा-दादरच्या छपाईत भागीदारांशी बिनसले. १९१८ मध्ये उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतही तेच झाले. पैसा घालणाऱ्यांना हिशेब हवा होता, फाळक्यांना मोकळीक. 'कालियामर्दन'सारखे यश मिळाल्यावरही ते कंपनी सोडून काशीला गेले. काशीतच एकनाथांनी आपले भागवत पूर्ण केले होते, आणि काशीतच फाळक्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही काळाने ते नाशिकला आणि कंपनीत परतले, परंतु पूर्वीचा सूर लागला नाही. अवधूताने अजगराकडून संतोष घेतला आणि मध साठवणाऱ्या माशीकडून साठवू नये हे घेतले. फाळक्यांना धन साठवता आले नाही, आणि ज्यांना साठवता येत होते त्यांच्याकडून ती विद्या त्यांनी घेतली नाही. मार्च १९३१ मध्ये 'आलमआरा' प्रदर्शित झाला आणि चित्रपट बोलू लागला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पुन्हा मुळाक्षरे गिरवायची पाळी आली. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून काढून त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूरला १९३७ मध्ये काढलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव खरा बोलपट, आणि शेवटचा चित्रपट. नव्या गुरूंच्या शोधात आणखी एकदा निघण्याचे बळ उरले नसावे. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

दुसरी मर्यादा फाळक्यांची नव्हे, त्यांच्या समाजाची. ज्या नाशिकमध्ये ते राहत होते, त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांना मंदिराच्या दारात बसावे लागले, आणि वर्षानुवर्षे लढूनही दार उघडले नाही. अखेर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातील येवल्याला आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. एक शास्त्रीपुत्र मिशनऱ्यांच्या कॉलेजाच्या छायेत वाढतो, राजाश्रयाच्या संस्थेत शिकतो, कारागिराच्या घरी राहतो, जादूगाराच्या तंबूत शिरतो आणि लंडनच्या कचेरीत नुसती पाटी वाचून पाऊल टाकतो. वरून खाली उतरायला त्याला कोणी अडवले नाही. ज्यांना खालून वर जायचे होते त्यांच्यासमोर मात्र प्रत्येक उंबऱ्यावर पहारा होता. विविध पार्श्वभूमीच्या गुरूंकडून शिकावे हा उपदेश सोपा आहे. त्या गुरूंपर्यंत पोचण्याची वाट सर्वांना सारखी खुली नव्हती, हे त्याबरोबरच सांगायला हवे. फाळक्यांच्या जिज्ञासेचे मोल यामुळे कमी होत नाही. पण तिला मिळालेल्या सवलतीची नोंद इतिहासाने ठेवलीच पाहिजे.

मग या आयुष्यातून विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने काय घ्यावे? साक्षात्काराची कथा आपल्याला वाट पाहायला शिकवते. कधी तरी तो तंबू दिसेल, कधी तरी तो गुरू भेटेल, तोवर आपण मोकळे. शिष्यत्वाची कथा याच्या उलट सांगते. १८८५ ते १९१२ या सत्तावीस वर्षांत फाळके किमान पाच वेळा नवशिके झाले. दर वेळी आधीची प्रतिष्ठा बाजूला ठेवून, आणि दर वेळी आधी मिळवलेले कौशल्य न टाकता. त्यांच्या गुरूंपैकी एकालाही चित्रपट हा शिकवण्याचा विषय म्हणून ठाऊक नव्हता. अपवाद फक्त हेपवर्थचा, आणि तो सर्वांत शेवटी आला. शास्त्र्याने कथा दिली, रसायनज्ञाने प्रयोगशाळा दिली, ठसे कोरणाऱ्याने शिस्त दिली, जादूगाराने प्रेक्षकाची नजर दिली. या देण्यांचे एकत्र काय करायचे हे त्यांपैकी कोणीही सांगितले नाही, आणि सांगू शकलेही नसते. ते काम शिष्याचे.

शिक्षकासाठी मात्र धडा गज्जरांचा आहे. आपल्याला येते ते शिकवणे हे कर्तव्य झाले. आपल्याला येत नाही ते ज्याला येते, त्याच्या दारात विद्यार्थ्याला पोचवणे, मग तो दुसऱ्या जातीचा असो, दुसऱ्या गावचा असो की पदवी नसलेला असो, हे त्याहून अवघड काम. रतलामच्या त्या कारागिराने पुढे 'राजा हरिश्चंद्र' पाहिला असेल का, असा विचार मनात येतो. पाहिला असेल तर त्या चार रिळांत कोठे तरी आपला हात त्याने ओळखला असावा.